जिच्यावाचून अडतं

१२ मे २०२५, सोमवार

औषध कंपनीच्या माणसाने नवीन वर्षाला दिलेली ही डायरी कपाटात कोरीच पडली होती. आज घेऊन बसले, कारण दिवस लिहून ठेवावा असा गेला.

परिचारिका दिन. सकाळी आम्ही सगळ्या जणी मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिलो आणि संघप्रियाने शपथ म्हटली. खरं तर तिला आज सुट्टी हवी होती. त्यांची बुद्ध पौर्णिमा, तिच्या गावी ताडकळसला विहारात खीर वाटतात. मी म्हटलं, अगं, तूच नसलीस तर कार्यक्रमाला शोभा काय? आली बिचारी. पांढऱ्या साडीत, डब्यात सगळ्यांपुरती खीर घेऊन.

कार्यक्रम संपतो न संपतो तोच पालमकडची एक पहिलटकरीण आली. कळा मंदावलेल्या, बाई घाबरून थंडगार. संघप्रियाने साडीवरच गाऊन चढवला, तिच्या कमरेला हात देऊन तिला फिरवत राहिली, तिच्या माहेरच्या म्हशीपर्यंतच्या गप्पा काढल्या. दुपारी मुलगी झाली, टाका नाही, काही नाही. अशी हातोटी मी तीस वर्षांत क्वचित पाहिली. मी तिला म्हटलं, तू माझा उजवा हात आहेस. लाजली.

मोठे डॉक्टर शंतनु सर यांनी जाहीर केलं की दवाखान्याचा ट्रस्ट यंदा एका नर्सला नांदेडला डिग्रीसाठी पाठवणार. निम्मा पगार चालू राहील. परत आली की मोठ्या सिस्टरची, म्हणजे माझी जागा तिला. मला तोवर निवृत्ती येतेच आहे. सगळ्यांच्या माना संघप्रियाकडे वळल्या. ती माझ्याकडे बघत होती.

२९ मे, गुरुवार

आज दुपारी सरांचा केबिनमधून फोन आला. मी स्टोअरमध्ये हातमोजे मोजत होते.

"सुमंगलाताई, नांदेडसाठी संघप्रियाचा अर्ज आलाय. सोडता येईल का तिला?"

मी विचारसुद्धा केला नाही. म्हटलं, "सर, तिला सोडलं तर लेबर रूमला कुलूप लावा. रात्रपाळीला तिच्याइतकं भरवशाचं कोण आहे? वॉर्डातल्या प्रियांकाला पाठवा. तिच्यावाचून आपलं काही अडत नाही."

"नक्की?"

"नक्की सर. संघप्रियाचं पुढं कधी बघू."

यात चूक काय? मी दवाखान्याचा विचार केला. मलाही डिग्री करायची होती एके काळी, औरंगाबादच्या मेट्रनने सोडलं नाही. म्हणून मी काम टाकलं का?

थोड्या वेळाने संघप्रिया सरांच्या केबिनमधून आली. सोनोग्राफीचे कागद द्यायला गेली असेल. चेहरा उतरलेला. मी विचारलं, जेवलीस का, तर नुसती मान हलवली. उन्हं तरी किती तापताहेत. मीठ-साखर पाणी पी म्हटलं.

२ जून, सोमवार

सांगून टाकलं. बोर्डावर प्रियांकाचं नाव लागायच्या आधी आपण सांगावं, म्हणून तिला बाजूला घेतलं.

"संघप्रिया, मी लय प्रयत्न केला गं. पण वरून नकार आला. ट्रस्टच्या लोकांचं काही कळत नाही."

हे मी ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं. एवढं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं सिस्टर." आणि अवजारं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावायला गेली.

मला वाटलं होतं रडेल. शहाणी आहे पोरगी, समजून घेतलं.

१६ जून, सोमवार

प्रियांका पेढे घेऊन आली. तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. "सिस्टर, मला तर इंजेक्शनची शीर पण एका दमात सापडत न्हाई," म्हणाली आणि हसली. मनाने निर्मळ आहे.

चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, संघप्रियाला कशाला वाईट वाटायला पाहिजे, त्यांना सरकारी जागा राखीव असतातच की. संघप्रिया दारातच होती, डिलिव्हरी ट्रे घेऊन. ऐकलं की नाही कोण जाणे. मी मोठी सिस्टर, मी काही बोलायला हवं होतं. चहा निवत होता, मी तो प्यायले.

७ जुलै, सोमवार

आज ताडकळसला बाजाराला गेलो होतो, मी आणि हे. भाजीच्या रांगेत एका बाईने माझा हात धरला. संघप्रियाची आई, कुसुमबाई. अंगणवाडीत मदतनीस आहे. सुट्टीच्या दिवशी रानात जाते, तिथल्याच शेंगा होत्या तिच्या ओच्यात.

"सिस्टर, वळखलं का? लेकीनं समदं सांगितलं. तुमी तिच्यासाठी लय खटपट केली म्हनं. न्हाई झालं तर न्हाई झालं. तुमच्यावानी मानूस पाठीशी हाय, हेच लय हाय."

आणि माझ्या पिशवीत शेंगा ओतायला लागली. मी नको नको म्हणत होते, ती ओतत होती. पैसे काढले तर रागावली.

संघप्रियाने घरी असं का सांगितलं? म्हणजे तिचा माझ्यावर विश्वास आहे. हे कळून बरं वाटायला हवं होतं. एसटीत बसल्यावर पिशवी मांडीवर घेववेना, खाली पायाशी ठेवली.

यांनी विचारलं, "कशाची खटपट केलीस तू?" मी म्हटलं, असंच कामाचं. घरी आल्यावर शेंगा उकडल्या. हेच खात बसले, मला नकोशा झाल्या.

३१ जुलै, गुरुवार

संघप्रियाबद्दल लिहायचं राहिलंय. काम सोडलेलं नाही. वेळेवर येते, वेळेवर जाते. सांगितलं ते करते. पण आधी तिला सांगावं लागतच नव्हतं. पूर्वी बाळंतिणींच्या उशाशी बसायची, सासवांना समजावायची, नवीन पोरींना हात धरून शिकवायची. आता औषध दिलं, नोंद केली, खुर्चीवर. वॉर्डातल्या मावशी परवा म्हणाल्या, "सिस्टर, आपली संघप्रिया बोलायचीच बंद झाली की वो. लग्नबिग्न ठरायलंय का?"

मलाही तसंच काहीतरी वाटतंय. या वयात पोरींचं लक्ष उडतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

दुपारी संघप्रियाची ड्यूटी संपली तेव्हा एक बाई अगदी बाळंत व्हायच्या बेतात होती. तिसरं बाळंतपण, अंगात रक्त कमी. पूर्वी संघप्रिया अशा वेळी घरी गेलीच नसती. बस चुकली तर चुकली म्हणायची. आज तिने नव्या मुलीला व्यवस्थित चार्ज दिला, रक्त कमी असल्याचं दोनदा सांगितलं, पर्स घेतली आणि निघाली. मी खिडकीतून तिला फाटकाबाहेर जाताना पाहिलं. हाक मारावी असं वाटलं, मारली नाही.

मूल झालं आणि बाईचं रक्त थांबेना. नवी मुलगी रडायला लागली. सर परभणीला मीटिंगला. मी पुढे झाले. पोट चोळायचं, पिशवी आवळली का बघायचं, इंजेक्शन, सलाईन, हे सगळं मी शेकड्यांनी केलंय. पण केलं ते पूर्वी. गेली कित्येक वर्षं मी रजिस्टरं आणि ड्यूट्याच लावतेय. हाताला ओळख राहिलेली नाही. मावशींनी माझा हात धरून खाली दाबला, "इथं सिस्टर, संघप्रियाताई इथं दाबती."

ॲम्ब्युलन्समधून परभणीला नेलं. मी सोबत गेले. चादर, माझी साडी, सगळं लाल. तिचा नवरा पुढे ड्रायव्हरपाशी बसून सारखा मागे वळून विचारायचा, "जगंल ना वो?"

जगली. संध्याकाळी रक्त चढलं, डोळे उघडले.

देवाची कृपा. पण मला संघप्रियाचा फार राग आलाय.

२० ऑगस्ट, बुधवार

तिला बोलावून घेतलं. दार लावलं.

"काल बाई मरता मरता वाचली. तुला दिसत होतं ना तिची अवस्था काय आहे ते?"

"व्हय. म्हणूनच चार्ज देताना दोनदा सांगितलं."

"थांबली असतीस तर?"

"माझी ड्यूटी संपली होती सिस्टर."

"ड्यूटी संपली की माणुसकी संपते का गं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "माझं काय चुकलं ते लेखी द्या. मी खुलासा देते."

काय लेखी देणार? चुकलेलं काही नव्हतंच. मी म्हटलं, जा.

दाराशी थांबून तिने विचारलं, "त्या बाईला शुद्ध आलीय ना?" मी हो म्हटलं. तिने भिंतीला हात टेकवला आणि गेली.

१० सप्टेंबर, बुधवार

परभणीला एक दिवसाच्या शिबिराला गेले. विषय, कर्मचाऱ्यांचा उत्साह आणि कामाचा दर्जा. सरांनी मुद्दाम पाठवलं. हॉल गारेगार, जेवणात गुलाबजाम. एक सूटबूट घातलेले गृहस्थ माईक घेऊन फिरत होते. पडद्यावर जिन्याचं चित्र. माणसाला आधी भाकरी लागते, मग सुरक्षितता, मग मान, मग पुढे जायची वाट, असं काहीसं. मध्येच टाळ्या वाजवायला लावायचे.

मग म्हणाले, तुमच्या हाताखालच्या सगळ्यात चांगल्या माणसाचं नाव मनात आणा. त्याला काय हवंय, ते तुम्ही त्याला विचारलंय का?

मी शेजारच्या बाईंकडे पाहिलं, त्या माझ्याकडे. पाणी प्यायले.

येताना एक उपाय मात्र मनात पक्का केला. कौतुक. पोरींना कौतुक मिळत नाही, हेच खरं कारण असणार. दर महिन्याला उत्कृष्ट परिचारिका निवडायची, फोटो लावायचा.

२४ सप्टेंबर, बुधवार

फ्रेम करून आणली. कडेला सोनेरी पट्टी, मध्ये संघप्रियाचा फोटो, खाली 'या महिन्याची उत्कृष्ट परिचारिका'. नोंदणीच्या खिडकीशेजारी लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीही उभी राहिली, नमस्कार केला.

दुपारी माझ्याकडे आली. "सिस्टर, एक विनंती करू का? तेवढा फोटो काढून घ्या."

"का गं? मान आहे तो."

"आई कधी कधी डबा द्यायला येती. भिंतीवर फ्रेममधी माझा फोटो बघितला तर तिच्या काळजाचं पाणी होईल. तिला वाचता येत न्हाई."

मावशी फिस्सकन हसल्या. मीही हसणार होते, पण ती हसत नव्हती. मी स्टुलावर चढून फ्रेम काढली. भिंतीवर खिळा राहिला.

संध्याकाळी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तिनं काय मागितलं होतं आणि तू काय दिलंस?" यांना मी मे महिन्यातलं काहीच सांगितलेलं नाही. की मी झोपेत बोलते?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज सरांनी बोलावलं. वार्षिक वाढीचे कागद पुढ्यात.

"संघप्रियाचं काम घसरलंय. मावशींपासून सगळे बोलायलेत. ऑगस्टातली केस डोळ्यांसमोर आहे. या वर्षी तिची वाढ थांबवू. तुम्ही फक्त तुमचं मत द्या, कामात रस नाही म्हणून."

मी होकार देणार होते. खरंच देणार होते. कुसुमबाई ओच्यातल्या शेंगा ओतत होती ते आठवलं आणि तोंड उघडेना. मग जे बोलले ते भलतंच निघालं.

"सर, तिचा रस मी मारला. मे महिन्यात तुम्ही विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. आणि तिला सांगितलं, वरून नकार आला. खोटं सांगितलं."

सर चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "तिला ते माहीत आहे, ताई."

मला कळेना.

"मी फोन केला तेव्हा ती इथंच उभी होती. आत्ता तुम्ही बसलाय ना, त्या खुर्चीमागं. फोन स्पीकरवर होता."

"ती उभी आहे हे तुम्ही विसरलात?"

"नाही," म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "दोन वर्षं ती नसली तर मलाही जड गेलं असतं. नकार माझ्या तोंडून जाण्यापेक्षा तुमच्या तोंडून गेलेला बरा, असं वाटलं. तुम्ही काय म्हणणार हे मला ठाऊक होतं."

वाढीच्या कागदावर सरांनी सही केली, वाढ दिली, आणि कागद बाजूला सारला. एवढंच करणं आमच्या हातात उरलं होतं.

घरी आले ते न जेवता पडले. एकच गोष्ट फिरून फिरून समोर येतेय. २ जूनला मी तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, मी लय प्रयत्न केला गं. आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक असताना ती 'बरं सिस्टर' म्हणाली. मी ते डायरीत काय लिहिलंय? समजून घेतलं. शहाणी आहे.

त्यावर आईला जाऊन सांगितलं, सिस्टरनी खटपट केली. माझी लाज तिने झाकली. उघड्यावर मीच बसले होते, आणि मला ते कळत नव्हतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी ती लेबर रूममध्ये एकटीच पलंग पुसत होती. मी आत गेले.

"संघप्रिया, मला तुला एक सांगायचंय."

तिने फडकं खाली ठेवलं. "नका सांगू सिस्टर."

"अगं पण..."

"तुमी सांगितलं की मला 'जाऊ द्या' म्हणावं लागंल. तुमी मोठ्या हाव, मी काय दुसरं म्हणणार? आणि ते मला म्हणायचं न्हाई." तिने फडकं परत उचललं. "अजून तरी न्हाई."

मी दुसरं फडकं घेतलं. पलंगाचं दुसरं टोक पुसायला लागले. बराच वेळ दोघी पुसत होतो.

मग तीच बोलली, माझ्याकडे न बघता. "ती बाई... मी मुद्दाम म्हणून न्हाई निघून गेले त्या दिवशी. तुमाला तसं वाटलं असंल. थांबावं असं मनातच आलं न्हाई. बसमधी बसल्यावर ध्यानात आलं, आपण कसे काय निघून आलो. पहिल्यांदा माझी मलाच भीती वाटली. इथं राहिले तर मी अशीच व्हायची. म्हणून मी दुसरीकडं बघायलेय."

"कुठं?"

"नांदेडलाच. एका मोठ्या दवाखान्यात. त्ये नोकरी करत शिकू देतेत."

मी म्हटलं, "माझी काही मदत..." आणि जीभ चावली. ती पहिल्यांदा थोडी हसली. ते हसू मला सोसलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

संघप्रियाचा निरोप समारंभ. कुसुमबाई आणि वडील सूर्यभान आले होते. वडील गवंडी आहेत. आत येताना चपला बाहेर काढायला लागले, मावशींनी त्यांना अडवलं.

सर बोलायला उठले. मला वाटलं होतं ते काही बोलणार नाहीत. पण म्हणाले, "सुमंगलाताईंनी मोठ्या मनाने तिला सोडलं. असे वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं." माझ्या गळ्यातही हार घातला. टाळ्या. कुसुमबाई सगळ्यांत जोरात वाजवत होती. शेवंतीची फुलं मानेला टोचत होती. उठून सांगावं की हे खोटं आहे, असं मनात आलं. उठले नाही. कशाला, तर आज तिचा दिवस खराब नको, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण मला माहीत आहे.

संघप्रिया दोन शब्द बोलली. मावशींचे आभार मानले, ॲम्ब्युलन्सच्या मामांचे मानले. मी खाली मान घालून बसले होते. शेवटी म्हणाली, "मोठ्या सिस्टरकडून मी एक शिकले. बाळंतीण ओरडली तरी आपण तिच्यावर ओरडायचं न्हाई. पहिल्या महिन्यात त्यांनी मला ते शिकवलं. ते मी कुठंबी गेले तरी सोडणार न्हाई."

तेवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जास्तीचंही नव्हतं.

जाताना सगळ्यांना भेटली. माझ्यापाशी आली, हात जोडले. जवळ नाही आली.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

तिच्या जागी अर्पिता नावाची मुलगी आलीय, वालूरची. कोर्स संपवून नुकतीच बाहेर पडलेली. मी स्वतःच आता रोज लेबर रूममध्ये उभी राहते. हाताला परत सवय होतेय. पाठ मोडते.

आज एक अडलेली बाई आली. अर्पिताने तिला कुशीवर वळवलं, कानाशी लागून काहीबाही बोलत राहिली. घाई नाही, घाबरणं नाही. बाळ आलं तेव्हा मी नुसती बाजूला उभी होते, माझी गरजच पडली नाही. मावशी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाल्या, बघा.

नंतर हात धुताना अर्पिताने भीत भीत विचारलं, "सिस्टर, दोन वर्षांनी ट्रस्टवाले परत कुणाला तरी पाठवणार हायत का वो शिकायला?"

मी म्हटलं, बघू.

आणि मनात काय आलं, ते इथं लिहून ठेवते. मनात आलं, पोरगी हाताची लय चांगली आहे, हिला सोडायचं नाही. एवढं सगळं होऊन गेल्यावर, त्याच जागेवर उभी राहून, साबणाचा हात सुकायच्या आत मला हेच सुचलं. नळ चालू ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे. मावशींनी येऊन बंद केला.

आता लिहिताना तोंड गरम झालंय. हे समोर पेपर वाचताहेत, त्यांच्याकडे बघवत नाही.

उद्या सर आले की आधी त्यांच्या केबिनमध्ये जायचं. अर्पिताला समोर उभं करायचं आणि तिच्या देखत तिचं नाव सांगून टाकायचं, माझं मन बदलायच्या आत.